सोवळ्यातला नातू

बोरिवली (पश्चिम)
२४ मार्च २०२५

जानकीवन्सं,

पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसला, म्हणून लिहिते आहे. मागच्या महिन्यात मी तीनदा "नळी बदलली, नळी" असं सांगितलं आणि रविवारी तुम्ही वेलची केळी घेऊन दारात हजर! वर मलाच म्हणालात, "तूच म्हणालीस ना केळी बदल म्हणून?" ज्या मुलाने चार वर्षांत तोंडाने एक घास घेतला नाही, त्याला केळी. कानाचं यंत्र तुम्ही चेंबूरच्या कपाटात जपून ठेवता, दागिना असल्यासारखं. मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला मुंग्यांसारखी दिसतात. मग उरलं काय? कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर दर शुक्रवारी शेवटच्या तासाला पत्र लिहून घ्यायच्या, तेच आता कामी येतं आहे.

मुद्दा असा की सात एप्रिलला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आमच्या इमारतीत लिफ्ट नाही, त्यामुळे नंतरचे चार-पाच आठवडे मी मुलुंडला मृणालिनीकडे. लेकीचं घर आहे, लिफ्ट आहे, लिफ्टमध्ये आरसासुद्धा आहे. प्रश्न प्रांजलचा आहे. राजेश आणि श्रुतिका दिवसभर ऑफिसात. दुपारची फीड्स मीच देते, हे तुम्हाला माहीत आहे. आया-नर्सच्या ब्युरोने मध्यंतरी एक बाई पाठवली होती. सिरिंज उंच धरली की दूध लवकर उतरतं, असा तिने शोध लावला. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात मोबाईलवरची मालिका. मुलाने सगळं ओकलं, ठसका लागला, आणि बाई मला म्हणते, "आजी, त्याला गॅस झाला असेल." तिला मी दारापर्यंत पोचवून आले. गुडघ्याने तेवढी साथ दिली.

राहता राहिलात तुम्ही. आनंदाने बोलावते आहे असं समजू नका. घरचं दुसरं माणूस नाही, म्हणून बोलावते आहे.

एक गोष्ट पुन्हा लिहिते, कारण तुम्ही दर वेळी विचारता, "त्याला तोंड आहे की!" आहे. सुरेख आहे, तुमच्या भावावर गेलं आहे. पण प्रांजलने गिळलेलं पोटात न जाता छातीत उतरतं. दोनदा न्यूमोनिया झाला, दोन्ही वेळा तो आयसीयूत होता. म्हणून पोटाला भोक पाडून नळी बसवली. तोंडाने थेंब नाही. खीर नाही, तीर्थ नाही, बोटावरचा मधसुद्धा नाही. हे मान्य असेल तर या. आठवडाभर आधी या, म्हणजे शिकवता येईल.

उत्तरा


चेंबूर
२९ मार्च २०२५

वहिनी,

तुझं आमंत्रण मिळालं. इतक्या प्रेमाने कोणी तेराव्यालासुद्धा बोलावत नाही.

येते. तुझ्यासाठी नाही, भाऊच्या नातवासाठी. आणि केळ्यांचं एवढं काय घेऊन बसलीस? तूच खाल्लीस ना सगळी? मी बघत होते.

मला शिकवायला आठवडा लागणार म्हणे! म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकले म्हणून इतकी पण मठ्ठ नाही मी. आईला शेवटच्या वर्षी मीच भरवत होते. तेव्हा तू दारात उभी राहून "वन्सं, सावकाश" एवढंच इंग्रजी चेहऱ्याने म्हणायचीस.

आता तू चिडणार ते सांगते. या पोराचं उष्टावण झालेलं नाही. चार वर्षं झाली. आईची चांदीची वाटी आणि चमचा माझ्याकडे आहे. त्यात भाऊचं झालं, माझं झालं, तुझ्या राजेशचं आणि मृणालचं झालं. उष्टावण झाल्याशिवाय मूल अन्नाचं होत नाही, असं आई म्हणायची. तू म्हणशील ही जुनी खुळं. म्हण. तुझी सिस्टरांनी बुजवलेली कानांची भोकं घेऊन तू आमच्या घरात आलीस, तेव्हापासून आमचं सगळंच तुला खूळ वाटतं. बुच्या कानांची नवरी. अख्खा मांडव हसला होता.

वाटी मी आणणार आहे. नुसती. घाबरू नकोस.

जानकी


मुलुंड
१८ एप्रिल २०२५

जानकीवन्सं,

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले गुडघा नवाकोरा आहे. बाकीच्या बाईबद्दल काही बोलले नाहीत.

इथे मी गॅलरीत खुर्चीवर बसते आणि समोरच्या टॉवरमधले लोक मोजते. मृणालिनी दर तासाला विचारते, "आई, काही हवं का?" मला माझं पोरगं हवं आहे, पण तसं सांगता येत नाही. मी तिला म्हणते, चहा दे.

श्रुतिका फोनवर सांगते की तुमचा हात बसला आहे. ती कोणालाही चांगलंच म्हणते, त्यामुळे मी अर्धंच धरते. जायच्या आधी शिकवलं तेव्हा तुमचं लक्ष माझ्याकडे कमी आणि माझ्या चुकांकडे जास्त होतं, म्हणून परत लिहिते. फीडच्या आधी पाणी, फीडच्या नंतर पाणी. नंतरचं पाणी विसरलात तर दूध नळीत सुकतं आणि नळी तुंबते. सिरिंज त्याच्या छातीच्या वर फार नेऊ नका. दूध आपल्या वजनाने उतरू द्या, दांडा दाबू नका. मग अर्धा तास त्याला बसता ठेवा. तो लबाड आहे, लगेच आडवा होतो.

सगळ्यात महत्त्वाचं. आत नळीच्या टोकाला पाण्याचा छोटा फुगा असतो, त्याच्या जोरावर ती टिकते. फुगा फुटला की नळी बाहेर. तसं झालं तर रडत बसू नका आणि शेजाऱ्यांना गोळा करू नका. ते भोक थांबत नाही, बुजायला लागतं. पूर्ण बुजलं तर पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन. मागच्या वेळी भुलीतून बाहेर यायला त्याने इतका वेळ लावला की राजेश हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला. डॉक्टर म्हणाले होते, हे पुन्हा करायची वेळ आणू नका, याची छाती ते सोसणार नाही. निळ्या डब्यात नवी नळी आहे. श्रुतिकाने दाखवली आहे. जाईल तेवढी हलकेच आत सरकवायची, जोर करायचा नाही, चिकटपट्टी लावायची, तिच्यातून काहीही घालायचं नाही आणि थेट हॉस्पिटल गाठायचं.

उष्टावणाबद्दल मी उत्तर दिलं नव्हतं, ते आता देते. शाळेत डबा संपेपर्यंत सिस्टर कोणाला उठू द्यायच्या नाहीत. मी दुधीच्या भाजीपुढे कित्येक दुपारी बसून काढल्या आहेत. खिडकीबाहेर बदाम पडायचे आणि इतर मुली ते वेचायच्या. जबरदस्तीने घास खाण्यातलं पुण्य मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही. वाटी कपाटात ठेवा.

उत्तरा


बोरिवली
२२ एप्रिल २०२५

वहिनी,

तुझं पत्र वाचून दाखवलं पोराला. "जोर करायचा नाही" इथे तो हसला. तुझा आवाज काढून वाचलं होतं मी.

सगळं तू सांगितलंस तसंच चाललं आहे. आधी पाणी, नंतर पाणी. पिचकारी धरून धरून माझा दंड पहिलवानासारखा झाला आहे. दूध हळूहळू उतरतं तेव्हा तो न बोलता, बोट लावून माझ्या बांगड्या मोजतो. चारच्या पुढे त्याला येत नाही, म्हणून पाचवी काढून ठेवली. उगाच पोराला कमीपणा कशाला?

तुमच्या सोसायटीतली मंडळी म्हणजे रत्नं आहेत. काल खालची चंपाबेन आली. दारातूनच, "अरेरे, बिचारा! याला चव तरी कळते का हो?" मी म्हटलं, "कळते ना, माणसांची." तरी बसलीच. मग म्हणते, आमच्या गुरुजींचा काढा आहे, नळीतून घाला, महिन्यात मूल जेवायला लागेल. मी म्हटलं, "तुमच्या मिस्टरांचं टक्कल आहे ना, आधी तिथे लावून बघा." परत येणार नाही. तू गेली चार वर्षं असल्यांना चहा पाजतेस, हे तुझं कॉन्व्हेंट.

पण एक गोष्ट बघ. मी बोंबील तळायला घेतले की हा सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दाराशी येतो. नाक वर करतो. आपल्या घरातल्या पुरुषांसारखाच बसतो, ताटाची वाट बघत. मी जेवायला बसले की माझ्या तोंडाकडे बघतो. मी चावते तसा चावतो, रिकामंच. माझा घास उतरत नाही गं वहिनी. मी आता आत कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून जेवते.

पुढच्या बुधवारी अक्षय्य तृतीया आहे. मुहूर्त बघावा लागत नाही. नुसतं सांगितलं.

जानकी


मुलुंड
२५ एप्रिल २०२५

जानकीवन्सं,

नुसतं काही सांगत नसता तुम्ही. गेली चाळीस वर्षं बघते आहे.

नाही म्हणजे नाही. अक्षय्य तृतीयेला नाही, दसऱ्याला नाही. त्याच्या ओठाला खिरीचा हात लागला तर मी नव्या गुडघ्यावर चालत येईन आणि तुम्हाला तुमच्या वाटीसकट चेंबूरच्या रिक्षात बसवीन. "नुसतं थोडं चाटवलं" म्हणणाऱ्या सगळ्या आत्या-मावश्यांना एकदा त्या आयसीयूच्या काचेबाहेर उभं करायला हवं, म्हणजे थोडं म्हणजे किती ते कळेल.

आणि भिंतीकडे तोंड करून जेवू नका. त्याच्यासमोर जेवा. त्याला बघू दे. श्रुतिकाच्या थेरपिस्टबाई म्हणतात, माणसं जेवतात हे त्याला दिसायला हवं. दार लावून जेवणारी माणसं बघून मूल काय शिकेल?

तुमच्या टकलाच्या उत्तराला मी इथे एकटीच हसले. मृणालिनीला वाटलं, गोळ्यांचा परिणाम आहे.

उत्तरा


बोरिवली
३ मे २०२५

प्रिय वहिनी,

तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक आहे. प्रांजल मजेत आहे. ऊन फार आहे. तू औषधं वेळेवर घे. माझी काळजी करू नकोस.

एक विचारायचं होतं. शाळेत सिस्टरांनी तुझ्या कानातलं काढून घेतलं, त्यानंतर भोकं बुजायला किती वेळ लागला होता? सहज आठवण आली म्हणून विचारते.

तुझी नम्र,
जानकी


मुलुंड
६ मे २०२५

जानकीवन्सं,

"प्रिय"! "नम्र"! माझी तब्येत बरी आहे, तुमची बिघडलेली दिसते.

तुमचा डाव माझ्या लक्षात आला. उष्टावणाला मी नकार दिला, तर आता पोराचे कान टोचायला निघालात. हे नाही तर ते, कुठलातरी संस्कार उरकल्याशिवाय चेंबूरला जायचं नाही, असं व्रत घेतलं आहे का? त्या मुलाच्या अंगाला एक भोक आहे, तेवढं पुरे आहे. सोनाराला दारात उभं करू नका.

विचारलंच आहे तर सांगते. पाचवीत जूनमध्ये सिस्टरांनी माझ्या सोन्याच्या रिंगा काढून पाकिटात घातल्या, वर सुरेख अक्षरात माझं नाव लिहिलं आणि कपाटात ठेवल्या. शाळेत दागिने चालत नसत. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांच्या हाताला साबणाचा वास यायचा, आणि रिंग काढताना त्यांनी माझा कान असा धरला होता की मला रडूच आलं नाही. दिवाळीत पाकीट घरी आलं, पण आईने रिंग घालायला घेतली तर ती जाईना. बाहेरून टिंब दिसायचं, आत सगळं मिटलेलं. माझा कान भरून यायला चार महिने लागले असं सगळे म्हणतात, पण खरं सांगू का? मी पहिल्या आठवड्यातच घरी चोरून काडी घालून बघितली होती. तेव्हाच अडली होती. घाबरून कोणाला सांगितलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लग्नात चापाच्या कुड्या लावल्या, सप्तपदीत एक गळून पडली, आणि तुम्ही ती उचलून सगळ्या मांडवाला दाखवलीत. सोळाव्या दिवशी सासूबाईंनी सोनाराला बोलावलं. माझे हात तुम्ही धरले होते. घट्ट धरले होते, पण सोनार सुई काढताच डोळे तुम्हीच मिटलेत, मी नव्हे. तेही मला आठवतं.

आता दुसरं. राजेश गेला आठवडाभर इकडे फिरकलेला नाही. श्रुतिकाचा आवाज फोनवर गुळाच्या पाकासारखा येतो. काल मी दुपारी घरी फोन केला तर अनोळखी बाई बोलली. "आज्जी झोपल्यात," म्हणाली. तुम्ही दुपारी झोपता? गिरणीचा भोंगा वाजला तरी जागेवरून न हलणाऱ्या घरात वाढलात, पण दुपारी तुम्हाला झोपलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

त्याला भरवलंत का? सरळ लिहा.

उत्तरा


चेंबूर
११ मे २०२५

वहिनी,

वरचं गाव वाचलंस ना? मी चेंबूरला आहे. तुझं पत्र राजेशने इथे पाठवलं, पाकीट न फोडता. शहाणा आहे. तुला मुद्दाम कळवलं नव्हतं. गुडघा सोडून तू धावत आली असतीस.

सरळ लिहिते.

तोंडाने भरवलं नाही. आईची शपथ. तू नको म्हणालीस ते तोंडाला. तोंडाला मी हातही लावला नाही.

अक्षय्य तृतीयेला तांदळाची खीर केली. पातळ केली, मिक्सरमधून काढली, धोतराच्या फडक्यातून गाळली. आईच्या वाटीत घेतली. पोराला नवं झबलं घातलं, कपाळाला गंध लावलं, मांडीवर घेतलं. राजेश-श्रुतिका ऑफिसात. मग ती खीर पिचकारीत घेऊन नळीतून घातली. मी म्हटलं, पोट तर हेच ना? वाट कुठलीही असो. गंमत सांगू? घालताना माझ्या मनात आलं, हे तर उष्टं होतच नाही! तोंडाला लागलं तर उष्टं. हा पोरगा जन्मापासून सोवळ्यात जेवतो आहे, वहिनी. आपल्या घराण्यात इतकं सोवळं कोणी पाळलं नाही. देव तरी कुठे तोंडाने जेवतो? आपण ताट ठेवतो, पाणी फिरवतो आणि पोचलं म्हणतो. तसंच याचं. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने बोलले, "पोचलं रे, प्रांजल, पोचलं!" तो टाळ्या वाजवायला लागला.

अर्धी वाटी गेली आणि बंद. पाणी घातलं, उतरेना. कोमट घातलं, उतरेना. आता तू म्हणशील पेज आळते हे कोकणातल्या बाईला मी सांगायचं का? नको सांगूस. मला माहीत आहे. वाटीत होती तोवर ठीक होती, नळीत जाऊन आळली. मग मी दांडा दाबला. तू लिहिलं होतंस, जोर करायचा नाही. मी केला. पोराला लागलं, तो कळवळला, त्याने नळीला हिसका दिला, आणि ती माझ्या हातात आली. फाटक्या फुग्यासकट.

भोकातून खीर बाहेर येत होती. त्याच्या पोटावरून मांडीवर, नव्या झबल्यावर.

तू लिहिलं होतंस, रडत बसू नका. मी बसले. खोटं कशाला सांगू? बसले आणि चंपाबेनला हाक मारायला तोंड उघडलं. आणि माझ्यासमोर तू आलीस. पोर नाही, हॉस्पिटल नाही, तू. हिरवा शालू, कानाला हात लावून उभी, आणि पाटावर पडलेली ती कुडी. सोनार आईला म्हणाला होता, "बाहेरून भोक दिसतं हो बाई, आत वाट उरलेली नाही." मी ते वाक्य चाळीस वर्षं तुझी टिंगल करायला वापरलं. मला एकदम वाटलं, हे पण आतून बुजायला लागलं असेल, आता, मी बसले आहे तेवढ्यात.

निळा डबा काढला. नवी नळी हलकेच सरकवली. थोडी गेली, तिथे थांबले. पट्टी लावली. आत काही घातलं नाही. श्रुतिकाला फोन केला. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मी आपली "नळी, नळी" म्हणत राहिले. बहुतेक तिला केळी ऐकू गेलं असेल, तुझा शाप. रिक्षात बसलो तर रस्त्याच्या कामाने एस. व्ही. रोड भरलेला. रिक्षावाला म्हणतो, "आजी, अपुन के हाथ में क्या है?" मी त्याला माझ्या हातात काय आहे ते दाखवलं. मग त्याने गल्ल्या काढल्या. तरी तासाहून जास्त लागला. सगळा वेळ मी पट्टीवर हात ठेवून होते, पोर माझ्या बांगड्या मोजत होतं.

डॉक्टरांनी आधी झापलं. खीर म्हणजे काय, कोणी सांगितलं, अक्कल आहे का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, पण वाट उघडी ठेवलीत, नाहीतर आज भूल द्यावी लागली असती. लगेच दुसरी नळी बसली. ऑपरेशन नाही. पोर ठणठणीत आहे. तू फोन कर श्रुतिकाला, ती सांगेल.

राजेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी ब्युरोतून शिकलेली नर्स आली. तुला ते "प्रिय वहिनी"चं पत्र मी नर्सला पोराजवळ बसवून लिहिलं. चौथ्या तारखेला राजेशने टॅक्सी बोलावली, माझी पिशवी उचलून दिली आणि म्हणाला, "आत्या, तू दमली असशील." वाटी धुवून माझ्या पिशवीत ठेवली होती. त्यानेच ठेवली.

बरोबर केलं त्याने. तू असतीस तर मला जिन्यावरून ढकललं असतंस.

मी चेंबूरला बरी आहे. दुपारी झोपत नाही.

जानकी


बोरिवली
२१ मे २०२५

वन्सं,

परवा घरी आले. तीन जिने चढायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माणूस चेंबूरला जाऊन येईल. वर पोचले तर प्रांजल माझ्याकडे न बघता माझ्या हाताकडे बघत होता. बांगड्या शोधत होता. माझ्या हातात एकच असते. नाराज झाला.

आता ऐका. तुम्ही जे केलंत त्याला मूर्खपणा म्हणतात. शिजवलेला तांदूळ नळीत! नवस फेडायचा होता तर डोकं फोडायला भिंती होत्या. तुमच्या सोवळ्याचं मी शेजारणींना सांगून हसणार होते, आणि सांगायला लागल्यावर मला हसू येईना, तो भाग वेगळा.

राजेशलाही मी सोडलं नाही. म्हटलं, "आत्याला दमली असशील म्हणून घालवलीस, आणि ती नर्स? ती दमत नाही, कारण काही करतच नाही." ती पांढऱ्या बुटांची बाई फीड अगदी बरोबर देते, नखभरही चुकत नाही, आणि देताना त्याच्या तोंडाकडे एकदाही बघत नाही. बाटली भरावी तसं. तो गप्प बसून असतो. बोंबलाचा वास आला तरी दाराशी येत नाही. काल मी मुद्दाम तळले.

श्रुतिका म्हणाली, "आई, आत्याबाईंनी भोक धरून ठेवलं नसतं तर..." राजेश उठून गॅलरीत गेला. तिथे त्याने बराच वेळ एकाच कुंडीला पाणी घातलं. मग आत येऊन म्हणाला, "तूच लिही आत्याला. माझा फोन तिला ऐकू येणार नाही." ऐकू येणार नाही म्हणे! बोलायचं धैर्य नाही, असं म्हण की, मेल्या.

तर मी लिहिते. पहिल्या तारखेला, रविवारी, उष्टावण आहे. श्रुतिकाचा भाऊ सर्वेश पुण्याहून येतो आहे. मामाने भरवायचं असतं, तर मामा भरवील. सिरिंज तुम्ही धरायला शिकवायची, दांड्याला हात लावू न देता. वाटीत डॉक्टरांचंच दूध. त्यात साखरेचा कणसुद्धा नाही. चांदीची वाटी मी स्वतः उकळत्या पाण्यातून काढणार, तुमच्या हातची मला खात्री नाही. खीर तुम्ही करायची, हवी तेवढी घट्ट. ती आपण खायची, त्याच्यासमोर बसून, मचमच आवाज करत. तो आहे सोवळ्यात, उष्टं करायला घरात बाकीची माणसं कशाला आहेत?

नर्सला महिनाअखेरीपर्यंतच सांगितलं आहे. माझ्याने अजून जास्त वेळ उभं राहवत नाही. म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेल. पाचवी बांगडीही घालून या, त्याला आता पाचपर्यंत येतं.

आणि कानाचं यंत्र लावून या. तो तुमच्यासाठी काहीतरी शिकला आहे. तुमचं नाव सांगितलं की टाळ्या वाजवतो आणि "पोतं, पोतं" म्हणतो. चार वर्षांत त्याने दोन अक्षरांचा शब्द म्हटला नव्हता. आम्ही दोन दिवस घरभर पोतं शोधत होतो. तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, तो "पोचलं" म्हणतो आहे.

उत्तरा


चेंबूर
२६ मे २०२५

वहिनी,

येते. यंत्राला नवा सेल घातला आहे. लावलं तर खालचा कुकर, वरचं बाळ, शेजारचा टीव्ही, सगळं एकदम ऐकू आलं. इतकी वर्षं किती सुखात होते मी! पण त्याचं तेवढं ऐकायचं आहे.

तू कुड्या घालून बस. खऱ्या. बुच्या कानांनी आमच्या पंगतीला बसायचं नाही, सांगून ठेवते.

जानकी